तिलारीच्या कातळावरचा चुरा

सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या तिलारी धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रातल्या एका सपाट कातळावर दोन विष्ठा हातभर अंतरावर पडल्या होत्या. एकीत नुसते माशांचे खवले आणि काटे. दुसरीत खेकड्याच्या कवचाचा विटकरी चुरा, खवला औषधालाही नाही. दोन्ही ओल्या, दोन्ही त्याच रात्रीच्या. पहिली कोणाची हे मी झोपेतही सांगेन. दुसरीने मात्र डोकं खाल्लंय.

काम साधं होतं. काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करायचा प्रस्ताव होता आणि त्याआधी इथे कोणते सस्तन प्राणी वावरतात याचा अहवाल एका सल्लागार कंपनीला हवा होता. आम्ही प्राणी बघत हिंडतो अशी लोकांची समजूत असते. प्राणी क्वचितच दिसतात, दिसतो तो त्यांचा गू. तोही उन्हं चढायच्या आत गाठावा लागतो. ऊन लागलं की वास उडतो, भुंगेरे पोचतात, आणि वरून पाणी सोडलं की अख्खा कातळ धुऊन निघतो. त्यामुळे पाणी कधी सुटणार हे आदल्या संध्याकाळी विचारून ठेवणं, हे या विद्येतलं पहिलं कौशल्य. पुस्तकात ते कुठेच नसतं.

बरंचसं ओळखायला माझी गरजही नसते. दोडामार्गात 2002 पासून हत्ती येताहेत. त्यांचं शेण शाळेतली पोरं दाखवतात. कांडेचोराच्या विष्ठेत भेरली माडाच्या बिया अख्ख्या निघतात. बिबट्याची विष्ठा केसांनी पिळलेली, टोकाला निमुळती. साळिंदराच्या लेंड्या लांबट, तंतुमय. खरा घोळ मासे-खेकडे खाणाऱ्यांचा. त्यात गावातली कुत्रीही आली. मासळी साफ केलेल्या जागी ती काटे खातात आणि नदीवर येऊन हागतात, म्हणजे काटा दिसला की पाणमांजर असं म्हणण्याची सोय नाही.

पाणमांजराची, म्हणजे उदाची, विष्ठा मात्र मी अभिमानाने ओळखते. तिला धड आकार नसतो. ताजी असते तेव्हा काळपट हिरवी, बुळबुळीत. वाळली की राखाडी होते आणि बोटाने दाबल्यावर भुगा होतो, खवल्यांचा आणि काट्यांचा. वास मासळीचा, तेलकट, पण सडका नाही. नाक जवळ न्यावं लागतं, त्याला इलाज नाही. भिंगाखाली खवल्यावरच्या कड्या दिसतात, कार्प जातीच्या माशांचे घशातले दात सापडतात, शिंगाळ्याला खवलेच नसल्याने त्याचे नुसते काटे. कधीकधी खवला-काटा काही नसलेला निव्वळ चिकट गोळा मिळतो. नवखी पोरं तो बेडकाचा समजून ओलांडून जातात, आणि डीएनएसाठी सगळ्यात चांगला तोच, कारण त्यात खाल्लेलं कमी आणि आतड्याच्या पेशी जास्त.

शिवाय जागा. आपल्याकडच्या नद्यांतला मुलायम केसांचा ऊद कुटुंबाने राहतो आणि कुटुंबाने एकाच जागी हागतो. ढीग तुडवलेला, चोपडलेला असतो, शेजारी लोळल्याच्या खुणा असतात. आमच्याबरोबर आलेले काका, आयुष्यभर याच नदीत जाळं टाकलेले, त्यांनी हे एका वाक्यात सांगितलं: "उद एकटो कधी येणा नाय बाय, घरच्या सगळ्यांका घेवन येता." मार्गदर्शक पुस्तिकांमधल्या दोन पानांचा मजकूर तेवढाच आहे.

आता दुसरी विष्ठा. भारतात ऊद तीन जातींचे. त्यातला लहान नखांचा ऊद हा जगातला सगळ्यात लहान, तीन-साडेतीन किलोचा. त्याच्या दाढा रुंद, खेकडा फोडायला घडवलेल्या, आणि पश्चिम घाटातल्या डोंगरी ओढ्यांत तो राहतो. त्याच्या विष्ठेत असाच कवचाचा चुरा मिळतो. पण मुलायम केसांचा ऊदही, पाणी आटून मासे कमी झाले की, खेकडे खातो. मानेवर काळा पट्टा असलेलं मुंगूस खेकडे खातं. कोल्हा खातो. मत्स्य घुबड तर खेकडा खाऊन कवचाची गोळी ओकून अशाच कातळावर टाकतं.

घुबड मी तिथेच बाद केलं. आसपास पक्ष्याची पांढरी शिट नव्हती. मुंगूस किंवा कोल्हा असता तर चार केस, भुंगेऱ्याचे पंख, एखादी बी, काहीतरी सापडलं असतं. चाळणीवर धुऊन पाहिलं तर कवच आणि फक्त कवच, तेही बारीक कुटलेलं. पावलांचा ठसा कातळावर उठत नाही. खालच्या वाळूत उठले होते ते मोठे, पडदा असलेले, म्हणजे पहिल्या विष्ठेच्या मालकांचे.

काकांचं मत वेगळंच. पाणी कमी झालं की पिल्लांना मासा सापडत नाही, ती खेकड्यांवर राहतात. म्हणजे दोन्ही एकाच घरचं. मी हे कुठे वाचलेलं नाही. खोडूनही काढता येत नाही, कारण एक ऊद मासा मारून खातो त्याच रात्री शेजारचा निव्वळ खेकड्यांवर का राहील, याचं दुसरं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. दोन जाती एकच कातळ वापरत असतील तर गोष्ट मोठी आहे, म्हणून तर ती घाईने लिहायची नाही.

वरचा बुळबुळीत थर अल्कोहोलच्या कुपीत घेतला आणि प्रयोगशाळेकडे पाठवला. निकाल आला: नमुन्यातला डीएनए वाचण्यालायक नाही. उष्ण हवेत उदाच्या विष्ठेतला डीएनए लवकर तुटतो, त्यामुळे धक्का बसला नाही. राग आला तो कंपनीच्या फोनचा. "मॅडम, एक नाव टाका ना, रकाना रिकामा ठेवता येत नाही." अहवालाच्या साच्यात 'जात' असा रकाना आहे, 'अनिश्चित' असा पर्याय नाही. ज्याने तो साचा बनवला तो कधी नदीवर वाकलेला नाही एवढं नक्की. दोन्ही जाती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित आहेत, दोन्ही 2019 मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात गेल्या, मग नावावाचून अडतं कुठे? अडतं ते काठावर. मुलायम केसांच्याला बीळ करायला मातीचा, झाडीचा काठ लागतो. लहान नखांच्याला उथळ पाणी आणि दगडांच्या फटी, जिथे हात घालून खेकडा चाचपता येतो. पिचिंगने काठ बांधला आणि पात्रातले दगड त्याच कामाला उचलले, तर कोणाचं काय जाईल हे जातीवर ठरतं.

मी रकान्यात लिहिलं: 'मुलायम केसांचा ऊद, निश्चित. दुसरा ऊद, जात अनिश्चित. पात्रातले दगड हलवू नयेत.' अंतिम अहवालात दुसरं वाक्य तळटिपेत गेलं, आणि मुखपृष्ठावर बिबट्याचा फोटो आला. त्या टप्प्यात बिबट्याची एकही खूण आम्हाला मिळाली नव्हती. काकांना आता कुप्या देऊन ठेवल्या आहेत आणि चुरा दिसला की उन्हाआधी वरचा थर घ्यायला शिकवलंय. त्यांनी विचारलं, पिल्लांचा निघाला तर पैज कितीची.