कोंबडीची आंघोळ

आमच्या आजीच्या कोंबड्यांना नावं नव्हती. तांबडी, काबरी, बोडक्या मानेची, एवढीच ओळख. संध्याकाळी डालग्याखाली झाकायच्या, सकाळी सोडायच्या. आणि अंडी आटली की पुढं काय, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात कोंबड्यांना आंघोळ घालत, आणि पांढरी कोंबडी असेल तर शेवटच्या पाण्यात नीळ टाकत, हे वाचलं तेव्हा मला आधी आजीच आठवली. नीळ! ती आमच्याकडे आजोबांच्या धोतरालासुद्धा मोजून मिळायची.

आंघोळही साग्रसंगीत. कोमट पाणी, साबण, मग दोनदा विसळणं. पायांची खवलं घासायची. शेकोटीजवळ बसवून पीस न् पीस फुलेपर्यंत वाळवायची आणि तुऱ्याला तेलाचं बोट. आमच्यात नवरीची तयारी याहून कमी वेळात होते.

हा सगळा थाट प्रदर्शनासाठी. १८३५ च्या कायद्यानं कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली, पण माणसांची खुमखुमी थोडीच जाते? कोंबडा लढायचा थांबला आणि मिरवायला लागला. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. पुढं बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात चीनकडून आलेल्या ‘कोचीन’ कोंबड्यांनी लोकांना वेड लावलं. अंगानं अगडबंब, आणि पायांवर पिसांचा पायजमा. आपल्या कोचीनशी यांचा संबंध नावापुरताच. राणीनं तर आधीच अशा कोंबड्या विंडसरला पाळल्या होत्या. राणीकडे आहे म्हटल्यावर शेजारणीला नको का?

मला स्वतःला आवडते ती सेब्राइट. सर जॉन सेब्राइट यांनी शतकाच्या सुरुवातीला घडवलेली ही एवढीशी कोंबडी. सोनेरी किंवा रुपेरी, आणि प्रत्येक पिसाला काळा काठ. काठापदराचं नेसून निघाल्यासारखी. गंमत म्हणजे तिचा कोंबडाही तसाच नटलेला, मानेची-शेपटीची ती लांब मर्दानी पिसं त्याला नाहीतच. १८६५ मध्ये तर कुठल्या जातीचा तुरा कसा, रंग कसा, याची नियमावलीच छापून आली. अंड्यांचा हिशेब मागं पडला.

आणि मग ब्रह्मा. हो, खरंच ब्रह्मा! अमेरिकेत शांघायहून आलेल्या कोंबड्यांना कुणीतरी ब्रह्मपुत्रा नदीचं नाव चिकटवलं आणि ते कापत कापत ब्रह्मदेवावर आणून ठेवलं. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या बोस्टनकडच्या गृहस्थानं १८५२ मध्ये अशा नऊ कोंबड्या थेट राणीला नजराणा म्हणून पाठवल्या. नजराणा कसला, जाहिरातच ती. बारा-पंधरा डॉलरची जोडी बघता बघता शंभरावर गेली. भाव बसले तेव्हा, १८५५ मध्ये, याच गृहस्थानं ‘कोंबड्यांच्या तापा’चा इतिहास लिहून गिऱ्हाइकांची यथेच्छ टिंगल केली. पुस्तकाचेही पैसे मिळाले असतीलच.

त्या नऊ कोंबड्यांच्या बदल्यात राणीनं त्याला आपली तसबीर पाठवली होती म्हणे. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं पदरानं हात पुसत एवढंच विचारलं असतं, “मग ती टांगली कुठं, खुराड्यात?”