न्यूझीलंडमधलं बाळंतपण: मिडवाइफ एकच का हवी

न्यूझीलंडमध्ये दिवस गेल्याचं कळलं की पहिला फोन हॉस्पिटलला नाही, मिडवाइफला (प्रशिक्षित सुईणीला) करायचा. १९९० च्या कायद्याने तिला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय बाळंतपण करण्याची मुभा मिळाली. तपासण्या, कळा, बाळंतपण आणि पुढचे सहा आठवडे, सगळं तीच पाहते. पात्र व्हिसा असेल तर फुकट.

ओळखीची असते म्हणून धीर वाटतो हे खरंच, पण खरा फायदा तिच्या नजरेचा. एखादीचं बीपी एरवी १००/६० असतं आणि ३४ व्या आठवड्यात १३०/८४ भरतं. १४०/९० ची रेघ ओलांडलेली नाही, त्यामुळे नवखी व्यक्ती ‘नॉर्मल’ लिहून मोकळी होते. पहिल्यापासून पाहणारीला बीपी एवढं चढल्याने प्रीएक्लॅम्पसियाची (गरोदरपणातल्या धोकादायक रक्तदाबाच्या आजाराची) शंका येते; ती लघवीतलं प्रोटीन तपासते, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का विचारते, लवकर परत बोलावते. बाळाची वाढ पाहायला पोटाला टेप लावतानाही तेच: दर वेळी हात बदलला, तर दोन सेंटिमीटरचा फरक बाळाचा की हाताचा, ते कळत नाही.

कळा सुरू झाल्यावर तर फोनवरच निम्मं काम होतं. कळ आली की बाई बोलता बोलता थांबते का, हे मिडवाइफ ऐकते आणि निघायची वेळ झाली का ते ठरवते. पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा तासन्‌तास चालतात. फार लवकर भरती झाली की ‘पुढे सरकत नाही’ म्हणून कळा वाढवणारी ड्रिप लागू शकते, कळा तीव्र होतात, मग एपिड्युरल (वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन).

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात १७ चाचण्या आणि १८,५३३ बायका होत्या. ओळखीच्याच मिडवाइफने सगळं पाहण्याच्या पद्धतीत सिझेरियन किंवा उपकरणांशिवाय बाळंत होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. फरक मोठा नाही, चमत्काराची अपेक्षा नको.

अडतं ते मिडवाइफ मिळण्यात. डिसेंबर-जानेवारीची (तिथल्या उन्हाळी सुट्ट्यांतली) तारीख असेल तर सहाव्या-सातव्या आठवड्यातच फोन करा. तिच्या सुट्टीत कोण येणार ते विचारा आणि त्या बाईला आधीच एकदा भेटा, नाहीतर ऐन कळांत अनोळखी चेहरा समोर येतो. गुंतागुंत होऊन डॉक्टरकडे जावं लागलं तर ती सोबत राहील का, हेही विचारून ठेवा.

बाळंतपणाला आई भारतातून येणार असेल, तर तिचीही गाठ घालून द्या. मध चाटवणं वर्षभर का टाळायचं, नाळ कोरडी का ठेवायची, हे बोलणं बाळ यायच्या आधी झालेलं बरं.