अकरा आणि सात

१९११ च्या स्कॉटलंडच्या जनगणनेत लग्न झालेल्या बाईच्या ओळीत तीन जादा रकाने आहेत. लग्नाला वर्षं किती, जिवंत जन्मलेली मुलं किती, त्यातली हयात किती. माझ्या स्कॉटिश सासूबाईंच्या आजीच्या ओळीत २१, ११, ७. प्रगणकाचं घाईतलं अक्षर, सातचा शेपटा खालच्या ओळीत घुसलेला.

सात माहीत होती. त्या साताचे किस्से तर तोंडपाठ आहेत. सोमवारी गहाण पडणारा आणि शुक्रवारी पगार झाला की सुटणारा घरातला एकुलता एक सूट. स्टीमीत, म्हणजे सार्वजनिक धुणीघरात, कपडे धुवायच्या पाळीवरून झालेली भांडणं. आयर्लंडमधल्या डोनेगलहून बटाटे काढायला येणाऱ्या टोळीतल्या मावश्या. उरलेली चार कोण? विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "होती की गं. त्यांचं काय सांगायचं?" आणि चहा ओतायला लागल्या.

म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना.

इतकी वर्षं या घरात वावरतेय, प्रत्येक नाताळाला तेच सातजण ऐकतेय, आणि चौघांचा पत्ता मला सरकारी रकान्यातून लागावा? बाहेरची ती बाहेरचीच, असं वाटून गेलं. नवऱ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तो म्हणणार, तुला कुणी विचारलं होतं.

कामाला लागले. जनगणना मेलेल्या मुलाचं नाव सांगत नाही, फक्त आकडा सांगते. म्हणून १८९१, १९०१ आणि १९११ या तिन्हींमधली मुलं वयानुसार एकाखाली एक लिहायची. दोन भावंडांत अडीच-तीन वर्षांहून जास्त अंतर दिसलं की तिथे कुणीतरी होऊन गेलं असं धरून चालायचं. आणखी एक खूण म्हणजे नाव. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, दुसरा आईच्या बापाचं. मुलींत पहिली आईच्या आईचं, दुसरी बापाच्या आईचं. हा क्रम पुष्कळ घरांत पाळत. आजोबांचं नाव तिसऱ्या-चौथ्या मुलाला दिलेलं दिसलं, तर ते आधी कुणाला तरी देऊन झालं असण्याची शक्यता मोठी. बाळ गेलं की तेच नाव पुढच्याला देत.

मग मृत्यूची सूची. त्या काळच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव नाही, म्हणून आडनाव, नोंदणीचा विभाग आणि शून्य ते पाच वय एवढ्यावर शोधायचं आणि संशयित दाखले एकेक उघडायचे. सरकारी नोंदींच्या संकेतस्थळावर एका प्रतिमेला सहा क्रेडिट पडले, म्हणजे दीड पौंड. दाखला उघडला की मात्र शंका उरत नाही, कारण स्कॉटिश मृत्यूच्या नोंदीत बाप आणि आई दोघांची नावं असतात, आईचं माहेरच्या आडनावासकट. आमच्याकडच्या वंशावळीत मुली गळतात. इथे ग्लासगोतल्या गॉर्बल्सच्या एका खोलीत मेलेल्या बाळाच्या आईचं माहेर सरकारने लिहून ठेवलंय.

दोघं अशी सापडली. एक गोवराने, चौदा महिन्यांची. दुसरा डांग्या खोकल्याने, गॉर्बल्समध्ये नाही, एअरशायरमध्ये. पत्त्याच्या जागी शेताचं नाव. बटाट्याचा हंगाम! एअरशायरचा बटाटा आधी निघतो, म्हणून टोळ्या जूनमध्ये तिथून सुरुवात करून शरदापर्यंत वर सरकत, गोठ्यात नाहीतर पडवीत झोपत. तेव्हा मृत्यू जिथे झाला तिथल्या वहीत चढे, त्यामुळे फक्त ग्लासगो धुंडाळणाऱ्याला हा पोरगा कधीच भेटला नसता. सही बापाची. सही कसली, फुली. डावीकडे नाव, उजवीकडे आडनाव, मध्ये जाड फुली, तिच्या वर आणि खाली रजिस्ट्रारने लिहिलेलं 'याची खूण'.

त्या फुलीपाशी बराच वेळ अडकले. पुढे लिहवत नाही.

तिसरं बहुतेक डोनेगलमधलं. लग्न तिथलं, हे मोठ्या मुलीच्या जन्मदाखल्यावरून कळलं. स्कॉटलंडमध्ये १८६१ पासून त्यावर आईबापांच्या लग्नाची तारीख आणि जागा असते. आयर्लंडमध्ये १८६४ पासून सगळ्यांचे जन्म-मृत्यू नोंदले जातात आणि जुन्या नोंदी फुकट बघता येतात. पण तिथल्या मृत्यूच्या नोंदीत आईबाप नाहीत. व्यवसायाच्या रकान्यात 'मजुराचं मूल' एवढंच. त्या गावात त्या आडनावाची मजुराची मुलं कमी का होती? एक नोंद जुळते. जुळते म्हणजे आमचीच, असं मी म्हणणार नाही.

चौथं नाहीच. मृत जन्मलं असेल म्हणावं तर तेही बसत नाही, कारण रकाना जिवंत जन्मलेल्यांचा. मृत जन्मांची वही स्कॉटलंडमध्ये १९३९ पासूनची.

त्याच १९११ च्या कागदावर आणखी एक रकाना आहे, खिडकी असलेल्या खोल्या किती. उत्तर १. ग्लासगोत १८६२ च्या कायद्यापासून अशा लहान घरांच्या दारावर पत्र्याची पाटी ठोकत. खोलीचे घनफूट आणि आत किती माणसं झोपू शकतात तो आकडा. सुरुवातीला माणशी ३०० घनफूट, आठ वर्षांखालचं पोर अर्धं. १,२०० घनफुटांत नवरा-बायको आणि चार पोरं, की खोली भरली. रात्री निरीक्षक येऊन डोकी मोजत, आणि जादा माणसं कपाटात नाहीतर छपरावर. छपराचा किस्सा घरात चवीने सांगतात. त्यातला लपलेला मामा दर वर्षी वेगळा असतो.

सासूबाईंकडे परत गेले, दाखले छापून. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले, शेताचं नाव मोठ्याने उच्चारलं आणि म्हणाल्या, "आईला हे माहीत नसणार. शेतात गेला हे तिला माहीत होतं, कुठल्या ते नाही." मग म्हणाल्या, "तू रडतेयस का? दीड पौंड भरून?"

हसूच आलं. तीन पौंड, मी म्हटलं.

आता राहिली ग्लासगोची मिचेल लायब्ररी. गरीब-मदतीचे अर्ज तिथे आहेत, १८५१ पासूनचे. तिथे काही मिळालं तर मिळालं. पाच वर्षं (१८९८ नंतर तीन) सलग एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका स्थानिक विभागात, राहिल्याचं दाखवता आलं नाही तर आयरिश माणसाला बोटीत घालून परत धाडता येई, म्हणून अर्जात जन्मगाव, मागचे पत्ते, पोरांची नावं-वयं सगळं विचारून लिहिलंय. चौथं मूल आजारी असताना बापाला काम नसेल, तर नाव असू शकतं. बायकांचे अर्ज माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांखाली बघायचे. आडनावाची रूपंही सगळी: मधल्या जीच्या जागी सी, एकच एल, ओ लावून, ओ गाळून. यादी सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, माझी आई लिहायची ते यात नाहीच.