तुम्ही विचारलंत म्हणून: बाक मोडणाऱ्या पोरांना पोलीस सोडून का देतात?

इंदूरच्या रामबागेत, आपल्या मराठी वस्तीत, कुठल्याही कार्यक्रमाला गेलं, की चहा हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच. "काका, तुम्ही पोलिसात होतात ना? आमच्या बगीच्यातला बाक पोरांनी मोडला, प्याऊच्या (पाणपोईच्या) तोट्या उपटल्या, नगर निगमनं (महापालिकेनं) रंगवलेल्या भिंतीवर स्प्रेनं घाण लिहून ठेवली. ठाण्यात गेलो तर म्हणाले, बघतो. नावं सांगितली, तरी दम देऊन सोडून दिलं. असं का?" इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मी इंदूरच्या ठाण्यांत हेड मोहर्रिर होतो, म्हणजे नोंदी लिहिणारा हवालदार. तुमची तक्रार साहेबांच्या आधी माझ्या टेबलावर यायची. पोलिसांत कामचुकार माणसं आहेत, ते मी नाकारत नाही. पण या बाबतीत खरी अडचण कायद्याच्या पुस्तकातच आहे. किरकोळ तोडफोडीला बेताची शिक्षा देणारी वाट त्यात जवळजवळ नाही. एक कलम फार हलकं, दुसरं फार जड. मधे ठाणेदाराचा दम.

हलकं कलम आधी सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 324 प्रमाणे सरकारी किंवा नगर निगमच्या मालमत्तेचं नुकसान केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुकसान 20 हजारांच्या वर गेलं तर दोन वर्षांपर्यंत. पण नुकसान एक लाखाच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र. आमच्याकडे अशा तक्रारीचं अदम चेक फाडतात, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद केल्याचा कागद. तो कागद हातात दिला, रोजनामच्यात (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद केली, की न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसाला पुढे तपासच करता येत नाही. आता एका बाकासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? ते अदम चेक तुमच्या घरातल्या फायलीत जातं.

जड कायदा 1984 चा, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान रोखण्याचा. त्यात रक्कम बघतच नाहीत. बाक शंभराचा असो की लाखाचा, पाच वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि पाणी, दिवाबत्ती किंवा विजेच्या कामातली वस्तू असेल, तर किमान सहा महिने सक्तमजुरी. त्याहून कमी द्यायची तर न्यायाधीशाला कारणं लिहून द्यावी लागतात. गलोलीनं रस्त्यावरचा दिवा फोडणारं पोरगं शब्दशः यात बसतं. प्रत्यक्षात हा कायदा बाहेर निघतो तो दंगलीत, चक्काजामात, बस जाळली तर. दिव्यासाठी तो लावायला कुठल्याही टीआयचा (ठाणेदाराचा) हात धजत नाही, आणि मला विचाराल तर धजू नयेच.

भिंतीवर लिहिण्यासाठी मध्य प्रदेशात 1994 चा संपत्ती विरूपण कायदा आहे, म्हणजे मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा. दंड एक हजारापर्यंत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की तो जागा होतो, पथकं फिरतात, पोस्टरवर गुन्हे दाखल होतात. मतमोजणी झाली की पुन्हा कपाटात.

एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. उन्हाळ्याचे दिवस होते. एक आजोबा कापडी पिशवी घेऊन आले आणि त्यातून पितळी तोटी काढून माझ्या उघड्या रजिस्टरवर ठेवली. वायसर ओला होता, पानावर पाण्याचा गोल डाग उमटला. देवळाशेजारच्या निगमच्या प्याऊची तोटी. दोन पोरांनी लाथा घालून मोडली, आजोबांनी स्वतः पाहिलं होतं, नावं माहीत होती. दोघंही सोळाच्या आतबाहेर. साहेबांनी विचारलं, "काय लावायचं?" मी दोन्ही पुस्तकं पुढे सरकवली. एकात काहीच होत नव्हतं आणि दुसऱ्यात सहा महिने सक्तमजुरीचं कलम.

शिवाय पोरं अल्पवयीन. बाल न्याय कायद्याच्या नियमांप्रमाणे अठराच्या आतल्या मुलावर एफआयआर होते ती गुन्हा अतिगंभीर असेल, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षांची असेल, किंवा सोबत कुणी मोठा माणूस असेल तेव्हाच. बाकी वेळी रोजनामच्यात नोंद करायची, मुलाच्या घरची परिस्थिती फॉर्मात भरायची आणि कागद बाल न्याय मंडळाकडे पाठवायचे. मुलाला कोठडीत घालायचं नाही, बेडी लावायची नाही. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण एका तोटीसाठी तो फॉर्म भरलेला मी क्वचितच पाहिला.

तेव्हा साहेबांनी दोघांच्या वडिलांना बोलावलं. एक लोडिंग रिक्षा चालवणारे, दिवसाची खेप बुडवून आले आणि सगळा वेळ हात जोडून उभे राहिले. संध्याकाळी त्यांनीच प्लंबर नेऊन तोटी बसवून दिली. प्रकरण मिटलं. काही दिवसांनी आजोबा भेटले तेव्हा म्हणाले, "पाणी सुरू झालं हो. पण ती दोघं मला बघून अजून हसतात."

भरपाई बापानं केली. पोरांनी काय केलं? ठाण्यातल्या समझोत्यात हाच प्रश्न कायम सुटतो.

ठाण्यात असं तोंडी का मिटवतात, त्यालाही कारण आहे. नुकसान फक्त खाजगी माणसाचं असेल तर तो कोर्टात राजीनामा, म्हणजे तडजोडीचा कागद, देऊ शकतो. सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत ती सोय नाही. एकदा एफआयआर लिहिली, की बाक दुरुस्त करून दिला, माफी मागितली, तरी खटला चालूच राहतो. म्हणून जो काही समजूतदारपणा करायचा तो लिहायच्या आधी करतात. त्याचा कागद नसतो. कुणाला दम मिळाला आणि कुणाला ओळखीमुळे चहा, हे नंतर कुणालाच तपासता येत नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे.

कागद नसला की दुसरी वाईट गोष्टही शिरते. उठाबशा काढायला लावणं, कान धरून व्हिडिओ काढणं, भर बाजारातून जुलूस, म्हणजे धिंड, काढणं. लोक टाळ्या वाजवतात, मोबाइल वर धरतात. कुठल्याही कायद्यात ही शिक्षा नाही. ज्या पोराला चार दिवस झाडू देऊन बगीचा स्वच्छ करून घेतला असता तर लाज वाटली असती, ते पोरगं जुलूसानंतर गल्लीत भाव खात फिरतं, किंवा पार मोडून जातं. दोन्ही मी पाहिलंय.

झाडूची शिक्षा आता कायद्यात आली आहे. नव्या संहितेनं सामुदायिक सेवा ही शिक्षा आणली, पण मोजक्या गुन्ह्यांना. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी त्यात आहे, वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा त्यात आहे. नुकसानीचं कलम 324 त्यात नाही. म्हणजे प्याऊची तोटी चोरून नेली तर सेवेची शिक्षा होऊ शकते, तिथेच मोडून टाकली तर नाही. ज्या गुन्ह्याला ही शिक्षा सगळ्यात शोभली असती तोच गाळला. आमदार-खासदारांना निवेदन द्यायचंच असेल, तर "पोलीस बंदोबस्त वाढवा" असं लिहिण्यापेक्षा हे लिहा.

आता इंदूरची एक खास अडचण. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर सांभाळणारं शहर आहे, निगमचा हात चपळ. तुम्ही इंदौर 311 ॲपवर फोटो टाकता आणि बऱ्याचदा पोलिसांनी पंचनामा करायच्या आत भिंत पुन्हा रंगवलेली असते, बाक उचलून नेलेला असतो. शहराला छानच, पण पुरावा गेला. म्हणून तक्रार ॲपवर करा, आणि त्याच दिवशी ठाण्यातही द्या.

ठाण्यात जाताना तोंडी सांगायला जाऊ नका. लेखी अर्ज न्या. जागा, वेळ, काय मोडलं, कुणी पाहिलं, एवढंच लिहा. पोरांच्या खानदानाबद्दल काही नको. मोबाइलचे फोटो जोडा. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर दुकानदाराला त्याच दिवशी सांगा, कारण डीव्हीआरमध्ये जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. पुढे कोर्टात गेलंच तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. त्याची तजवीज तपास करणारा करेल, मूळ रेकॉर्डिंग तेवढं जपून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, निगमच्या झोन कार्यालयातून उपयंत्र्याचं (सब-इंजिनिअरचं) नुकसानीचं पत्र घ्या, रकमेसकट. मालक म्हणून निगमचा कागद आला, की "बघतो" म्हणणारा हवालदारही पेन उचलतो. हे मी माझ्या टेबलावरून सांगतो.

मुलं लहान असतील तर अर्जात स्पष्ट लिहा की बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावं. प्रत्येक ठाण्यात तो नेमलेला असायला हवा. समझोता होणारच असेल, तर तो रोजनामच्यात लिहून घ्यायला सांगा आणि पोरांनी स्वतः काय करायचं तेही त्यात येऊ द्या.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. दखलपात्र गुन्हा असून नोंदवून घेत नसतील, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तोच अर्ज पोस्टानं वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. इंदूरात डिसेंबर 2021 पासून आयुक्तालय आहे, तेव्हा लिफाफ्यावर आपल्या झोनच्या डीसीपींचा (पोलीस उपायुक्तांचा) पत्ता घाला.