ओलीची रेघ

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याची भिंत. खालच्या 3 फुटांना सिमेंटचा ताजा, गुळगुळीत गिलावा. आणि त्याच्या बरोब्बर वर, जुन्या चुन्यावर, ओलीची काळपट रेघ.

ती रेघच सगळं सांगते. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते. चुना तिला बाहेर सोडतो, सिमेंट अडवतं. मग ती आणखी वर सरकते, सोबतचे क्षार विटेत साचतात आणि विटेचा भुगा होतो. भिंतीत लाकडी खांब असला तर तो आतल्या आत कुजतो. वरून गिलावा मात्र छान दिसत राहतो!

सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीनेच काढावं. भिंत पुरती सुकू द्यावी, म्हणजे पावसाळ्यात हे काम नकोच. मग 1 भाग मुरवलेला चुना, 3 भाग चाळलेली वाळू. थर 10-12 मिलिमीटरपेक्षा जाड दिला की तडे जातात. आठवडाभर ओली पोती बांधायची. वरून प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत पाण्यात. चुन्याचाच हात द्या.

चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या गिरणीत, चुना मळणारे गवंडी पुण्यात अजून कुणाला माहीत आहेत का?