ॲक्रिलिक फिश टँकचे चरे काढताना: माझा अनुभव

टँक वापरलेला घेतला होता. ३ फूट लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच, ८ मिमी ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक). समोरच्या भिंतीला आतून मॅग्नेट क्लीनरचे, म्हणजे भिंतीवरचं शेवाळ पुसायच्या चुंबकाचे, अर्धगोल चरे होते (मॅग्नेटखाली वाळूचा एक कण अडकला तरी पुरतो), बाहेरून तारेच्या घासणीचे पट्टे आणि पाण्याच्या रेषेवर पांढरट धूसरपणा.

घासकागद हातात घ्यायच्या आधी तो धूसरपणा कसला आहे हे बघून घेतलं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं सुती फडकं त्या पट्टीवर वीस मिनिटं चिकटवून ठेवलं. बरीचशी पट्टी सुटून आली, म्हणजे ते बोअरच्या पाण्याचे क्षार होते. तिथं घासकाम केलं असतं तर नुसतं नुकसान. उरलेल्या भागावर पाण्याचा हात फिरवला. ओलं असताना धूसरपणा गायब आणि वाळल्यावर परत, असं झालं तर चरे वरवरचे, ते निघतात. ओलं करूनही बारीक चकाकत्या भेगा दिसत राहिल्या तर ते क्रेझिंग. अमोनियावाला काच क्लीनर, स्पिरिट किंवा थिनर ॲक्रिलिकला लागला की हे होतं. या भेगा आत उतरलेल्या असतात. माझ्या टँकला एका सांध्याजवळ दोन इंचांत त्या होत्या. तिथं हात लावला नाही, सांध्याजवळ जाडी कमी करणं बरं नव्हे.

मासे टबमध्ये हलवले, जुनं पाणी भरून, फिल्टरचा स्पंज तिथंच चालू ठेवला. तो नळाखाली धुतला तर क्लोरीननं त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि परत आल्यावर माशांना अमोनियाचा त्रास होतो.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून ६००, ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे ओले करून वापरायचे घासकागद, आणले. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. नख अडकतं त्या चऱ्यासाठी ६०० पासून सुरुवात, नख नुसतं घसरतं तिथं १००० किंवा १५०० पासून. गरजेपेक्षा खरखरीत कागदानं सुरू केलं की तेवढे चरे आपणच पाडतो आणि मग आपणच काढत बसतो. कागद कडक फोमच्या ठोकळ्याला गुंडाळला. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली खोलगट पन्हळी पडतात. बादलीत पाणी आणि भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब, कागद सतत ओला.

फक्त चऱ्यावर घासू नये. तिथं खळगा होतो आणि मागचा मासा लांबट, वाकडा दिसतो. मी प्रत्येक चऱ्याभोवती वीतभर जागा घेतली, कडेला हलका होत जाणारा दाब दिला. ६०० आडवा, ८०० उभा, १००० पुन्हा आडवा, अशी दिशा बदलत गेलो. त्यामुळं आधीच्या कागदाची एकही रेघ उरली तर वेगळी उठून दिसते. प्रत्येक टप्प्यानंतर भिंत धुवायची, पूर्ण वाळवायची आणि टॉर्च कडेनं तिरका मारून बघायचं. ओल्या भिंतीवर सगळंच साफ दिसतं, त्यावर विश्वास ठेवला की फसगत. कागद बदलताना ठोकळा आणि हात धुतले, पाणीही बदललं. ६०० चा एक दाणा २००० च्या कागदाखाली आला तर सगळं पहिल्यापासून.

एका कोपऱ्यात मी ८०० वरून थेट १५०० वर उडी मारली. त्या वेळी काही दिसलं नाही. पॉलिश केल्यावर खालून ८०० च्या रेघा कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर आल्या आणि तो कोपरा पुन्हा ८०० पासून करावा लागला. वेळ वाचला म्हणायचं आणि दुप्पट घालवायचा, अशातला प्रकार.

आतली बाजू ३००० वर थांबवली. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) १.३३, ॲक्रिलिकचा १.४९, हवेचा १. आकडे जितके जवळ तितकी रेघ कमी दिसते, म्हणजे पाणी बारीक रेघांत शिरलं की त्या जवळजवळ विरून जातात. शिवाय आत पॉलिश लावलंच नाही म्हणजे त्यातलं सिलिकॉन, मेण माशांपर्यंत जायचा प्रश्नच नाही. बाहेरच्या रेघांत मात्र हवाच राहते, त्यामुळं खरी मेहनत तिथं.

उद्यमनगरात बफिंगवाल्याकडं (फिरत्या बफनं धातू चकचकीत करणाऱ्याकडं) ने, दहा मिनिटांत चकाचक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. धातूसाठी वापरलेल्या बफात आधीच्या कामाचे कण बसलेले असतात आणि वेगही जास्त. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एका जागी बफ टेकला की पृष्ठभाग वितळून ओघळतो. गॅसच्या ज्योतीनं कडा चमकवतात, तो उपायही तयार टँकला नको, ताण बसून सांधे तडकतात.

मी ड्रिलला मऊ फोम पॅड लावला, वेग हजार फेऱ्यांच्या आसपास, हेडलाइटचं पॉलिश वाटाण्याएवढं. आधी मागच्या भिंतीच्या कोपऱ्यावर लावून पाहिलं. पॅड सतत फिरता ठेवायचा, मधूनमधून हाताची मागची बाजू टेकवायची. कोमट चालेल, चटका नको. दोन फेऱ्या पॅडनं, शेवटची हातानं, मायक्रोफायबरनं.

नंतर टँक तीनदा धुतला, पूर्ण भरून २४ तास सांधे तपासले आणि मग मासे परत सोडले. मॅग्नेट आता वाळूपासून दोन इंच वरच थांबवतो. त्याखालचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं काढतो, तेही कार्ड आधी खंगाळून.