न टाकलेलं पत्र

कारगिल विजय दिवस २६ जुलैला येतो, म्हणजे मुंबईच्या ऐन पावसात. उपनगरातल्या ज्या छोट्या युद्धस्मारकावरच्या वस्तू माझ्याकडे जतनासाठी येतात, तिथला चौथरा त्या दिवशी भरून जातो. हार, नारळ, शाळेतल्या मुलांची पत्रं, राख्या, फोटो. संध्याकाळपर्यंत सगळ्याचा भिजून लगदा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्माल्य उचलायच्या आत पोहोचावं लागतं. सफाईवाले मामा माझ्यासाठी थांबतात, एकेक वस्तू उचलून ‘ताई, हे न्यायचं का?’ विचारतात. स्मारक समितीतल्या कुणाहीपेक्षा त्यांना यातलं जास्त कळतं.

वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकभिंतीपाशी १९८२पासून लोकांनी ठेवलेल्या लाखो वस्तू तिथल्या सरकारी खात्याने सांभाळल्या आहेत. फुलं आणि काही न लिहिलेले झेंडे तेवढे ठेवत नाहीत. आपल्याकडे वाटणी इतकी सरळ नाही. राखीवरचं कुंकू शेजारच्या पत्रात उतरलेलं असतं. लॅमिनेट केलेल्या फोटोत कडेने पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही, प्लास्टिक सोडवताना चेहराच निघून येतो. कागदी तिरंगे ध्वजसंहितेप्रमाणे खासगीत, मान राखून नष्ट करायचे असतात.

गेल्या वर्षी हारांखाली एक अंतर्देशीय पत्र सापडलं. सगळ्या कडा चिकटवलेल्या. पत्त्यात हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता. छापील तिकिटावर टपालाचा शिक्का नाही. घड्यांमध्ये जुनी धूळ मुरलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. पत्र कालपरवाचं नव्हतं. लिहून, मिटून झालं, पेटीत टाकायचं राहिलं, किंवा टाकण्यात अर्थ उरला नाही. मग कुणीतरी ते इतकी वर्षं सांभाळलं आणि त्या दिवशी आणून ठेवलं.

बॉलपेनने लिहिलेलं असतं तर मी निर्धास्त असते, ती तेलकट शाई पावसाला सहसा दाद देत नाही. हे शाईपेनाचं होतं. पत्त्याच्या अक्षरांभोवती निळं पसरायला लागलं होतं. या हवेत ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून पत्र पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. गोठलेल्या कागदात शाई हलत नाही, बुरशी वाढत नाही. विचाराला सवड मिळते.

माझी सहकारी म्हणाली, उघडू या. डिंक ओलाव्याने सुटलाच आहे, घड्यांमध्ये पॉलिस्टरचं पातळ कापड सरकवून वाळवलं तर मजकूर वाचेल. कामाच्या दृष्टीने तिचं अगदी बरोबर होतं. समितीच्या एका पदाधिकाऱ्यांना मात्र ते पुढच्या कार्यक्रमात माइकवर वाचून दाखवायचं होतं. ते ऐकलं आणि माझं ठरलं.

मी पत्र मिटलेलंच वाळवलं. खालीवर टीपकागद, त्यावर काचेचं हलकं वजन, हवेतली ओल शोषणारा डिह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू. सुरुवातीला टीपकागद सारखे बदलावे लागले. पहिल्या काहींवर निळे डाग उतरले. ते पत्त्याचे की आतल्या ओळींचे, सांगता येत नाही. ते टीपकागदही मी जपून ठेवलेत. डिंकाने वाळताना पुन्हा धरलं.

सहकारी अजून म्हणते, ‘तू कागद वाचवलास, पत्र घालवलंस.’ तिला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ज्याच्या नावाचं होतं त्याच्यापर्यंत ते पोहोचलं नाही, आणि लिहिणाऱ्याने इतक्या वर्षांत कुणाला दाखवलं नसावं. आपण जतन करतो म्हणून वाचायचा हक्क आपल्याला मिळतो, हे मला पटत नाही. आतली शाई वाहून गेली असेल, या विचाराने झोपही लागत नाही.

ठेवणाऱ्या माणसाला विचारता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. म्हणून चौथऱ्याच्या एका कोपऱ्यावर छप्पर आणि शेजारी एक वही, असा अर्ज मी समितीकडे दिला. छपरामुळे स्मारकाची शोभा जाते, असं उत्तर आलं. वहीला होकार मिळालाय. तिच्यात तीन रकाने आखलेत: काय ठेवलं, हवा असल्यास फोन नंबर, आणि पत्र असेल तर ते उघडावं की नाही.